सासूबाईंची मान

बुप्पाबाईंनी पेजेची वाटी दोन्ही हातांनी दूर सारली, खाटेवरून उठून उभ्या राहिल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, "पुढचं दुकान झाडलंय, सासूबाई. कॉफीचं आधणही ठेवलंय. मी मागाहून खाईन."

सायसुनीला आधी हसूच आलं. "अगं आई, कोण सासूबाई? मी साय. तुझी साय."

बुप्पाबाईंनी वर पाहिलं. त्यांची नजर लेकीच्या चेहऱ्यावर क्षणभर टेकली, मग घसरत हनुवटीखाली आली आणि तिथेच थिजली. "चुकलं माझं," त्या पुटपुटल्या. वाटी उचलून त्यांनी उभ्या उभ्याच, चोरून खाल्ल्यासारखी, घाईघाईने पेज गिळायला सुरुवात केली. निम्मी अंगावर सांडली.

सायसुनी पुसायला पुढे झाली तशा त्या भिंतीला जाऊन चिकटल्या.

त्रांग गावच्या बाजारातलं ते घर बुप्पाबाईंच्या सासऱ्यांनी बांधलेलं. पुढे दुकान, मागे राहतं घर, मध्ये उघडा चौक. दुकान कधीच बंद झालं होतं आणि ती जागा आता मोबाइल विकणाऱ्याला भाड्याने दिलेली होती. पण एके काळी तिथे पहाटेपासून काळी कॉफी आणि भाजलेल्या डुकराच्या कुरकुरीत तुकड्यांसाठी लोकांना बाकं पुरत नसत. तेव्हा गल्ल्यावर बसायची ती बुप्पाबाईंची सासू. सगळा बाजार तिला आमा, म्हणजे आजी, म्हणायचा.

आमा मोजकंच बोलायची. हनुवटीपासून थेट गळ्याच्या हाडापर्यंत तिच्या कातडीच्या दोन घड्या लोंबत असत. सोन्याची साखळी त्यांत रुतून दिसेनाशी व्हायची. राग आला की तोंडातून शब्द फुटायच्या आधी त्या घड्या थरथरायला लागायच्या. सुनेने सासूच्या डोळ्याला डोळा भिडवून बघायची त्या घरात रीत नव्हती. सुनेची नजर गळ्यापर्यंत पोचायची आणि तिथूनच परत फिरायची. बुप्पाबाईंनी उभं तारुण्य त्या गळ्याकडे बघून काढलं. आज आमाचा मूड कसा आहे, जेवायला बसायचं की नाही, माहेरी जायला विचारायचं की नाही, हे सगळं त्या घड्यांवरून वाचायचं.

सायसुनी नाकीडोळी आईसारखी. पन्नाशी उलटेपर्यंत तिला कुणी आमाची नात म्हटलं नव्हतं. मग नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच, शाळेतली गणिताची नोकरी संपली, आणि ती आईकडे राहायला आली. त्याच सुमाराला एका दुखण्यात तिचं अंग झरझर उतरलं. वजन पुढे थोडं भरून आलं, मान मात्र उतरली ती उतरलीच. हनुवटीखाली दोन घड्या लोंबायला लागल्या. धाकटा भाऊ थावोर्न फुकेतहून चिनी नववर्षाला आला तेव्हा दारातच ओरडला होता, "बाप रे! आमा उठून आली की काय? ताई, गल्ल्यावर बसतेस का? मी दोन कप कॉफी आणतो!"

सगळे हसले होते. सायसुनीही हसली होती. आईला विसरायला होतंय हे तेव्हा दिसायला लागलं होतं, पण त्या दिवशी तीही सगळ्यांबरोबर हसली होती.

आता मात्र रोज सकाळी तोच प्रकार व्हायला लागला. सायसुनी खोलीत शिरली की बुप्पाबाई उठून उभ्या राहत. आंघोळ घालायला हात धरला तर अंग आक्रसून घेत. केस विंचरू देत, पण डोळे गच्च मिटून. दिवसा कामाला येणाऱ्या नोंगयाववर मात्र त्यांचा भारी जीव. ती गुबगुबीत, बडबडी बाई; तिच्या हातचं त्या मुकाट्याने खात आणि तिच्या कानाशी लागून कुजबुजत, "हळू बोल गं. म्हातारी ऐकते सगळं."

सायसुनीने गळ्याला ओढणी गुंडाळून पाहिली. त्रांगच्या उकाड्यात ती घामाने चिंब व्हायची. एका सकाळी बुप्पाबाई जवळ आल्या, दोन बोटांनी ती ओढणी अलगद खाली ओढली, आत पाहिलं आणि मान हलवली. जणू त्यांना ठाऊकच होतं, आत कोण आहे ते.

इथवर असतं तरी सायसुनीने रेटून नेलं असतं. पण मग त्या बाळाबद्दल विचारायला लागल्या.

बाळ होतं, ही गोष्ट खरी. सायसुनी पाच वर्षांची असताना बुप्पाबाईंना दुसरी मुलगीच झाली. भविष्य सांगणाऱ्याने पत्रिका मांडली आणि म्हणाला, ही पोर आजोबांच्या आयुष्याच्या मुळावर आलीय. आजोबा खोकत होतेच. आमाने कुणाला विचारलं नाही. एका दुपारी तिने सायसुनीला शेजारी मांजरीची पिल्लं बघायला पाठवलं. पिल्लं बघून सायसुनी नाचत घरी आली तेव्हा पाळणा रिकामा होता आणि आई चौकात बसून कॉफीचे कप विसळत होती. बाळाला हुआय योतकडच्या रबराच्या मळ्यातल्या एका जोडप्याला देऊन टाकलं होतं. पावसाळा सरायच्या आत बाळ तिकडे तापाने गेल्याचा निरोप आला. आजोबाही त्याच वर्षी गेले. पुढे थावोर्न झाला तेव्हा आमा म्हणाली, "बघ, वाट मोकळी केली म्हणून नातू आला."

बुप्पाबाईंनी याबद्दल उभ्या जन्मात एक अक्षर काढलं नव्हतं. सासूचं अखेरचं दुखणंही त्यांनीच काढलं. दर वर्षी तिच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, संत्री ठेवली. आता इतक्या वर्षांनी त्या सायसुनीच्या गळ्याकडे बघत, हात जोडून, हळू आवाजात म्हणायच्या, "सासूबाई, तिला पाजायची वेळ झाली. कुठे ठेवलीत? छाती दाटून आलीय माझी."

 सायसुनीने "मी साय आहे गं" म्हटलं तर बुप्पाबाई नुसत्या चळचळा कापायच्या.

एक दिवस ती स्वयंपाकघरात बसून रडत होती. नोंगयाव म्हणाली, "ताई, थावोर्नदादांचा फोन आला की त्या कशा छान बोलतात. तुम्ही फोनच करून बघा की."

"एकाच घरातून?"

"मग काय झालं? त्यांना कुठे दिसतंय!"

सायसुनीने चुलीजवळ उभं राहून आईच्या खोलीतला फोन लावला. नोंगयावने तो उचलून बुप्पाबाईंच्या कानाला लावला.

"आई, मी साय बोलतेय."

"साय! अगं, कुठे आहेस तू?" आवाज एकदम उजळला. "किती दिवस झाले! जेवलीस का? शाळेत पोरं फार त्रास देतात का गं?"

"नाही गं. तू जेवलीस का?"

"जेवते मी. ती नोंगयाव देते, चांगली आहे. पण साय," आवाज खाली आला, "म्हातारी इथेच आहे. मेली मेली म्हणतात, पण रोज सकाळी येऊन उभी राहते. तू ये ना लवकर. तू आलीस की ती मला काही करायची नाही."

"येते आई. लवकर येते."

त्यानंतर ती रोज फोन करायला लागली. दहा पावलांवर आई, मध्ये एक भिंत. आई भरभरून बोलायची, हसायची, लहानपणीच्या गोष्टी काढायची. फोन ठेवून सायसुनी आईचे कपडे बदलायला तिच्या खोलीत गेली की तीच आई उठून उभी राहायची, ओठ घट्ट मिटून.

एकदा आरशाशेजारचं कॅलेंडर बघायला म्हणून सायसुनी गेली, आणि मग रोज आरशासमोरच उभी राहायला लागली. दोन्ही हातांचे तळवे कानांखाली ठेवून ती कातडी मागे ओढायची. घड्या नाहीशा व्हायच्या. आरशात आईची साय दिसायची. हात सोडले की आमा.

असं करता करता एक दिवस तिने हाटयाय शहरातल्या एका प्लास्टिक सर्जरीच्या क्लिनिकमध्ये फोन केला.

थावोर्नला सांगितलं तेव्हा तो आधी खो खो हसला आणि मग चिडला. "ताई, साठीला टेकलीस! आता कुणाला दाखवायचीय मान? कुणी म्हातारा गाठलास की काय?"

"आईला दाखवायचीय."

"आईला उद्या तूही आठवणार नाहीस, मीही नाही. आजारच तसा आहे. तिला चांगल्या संस्थेत ठेवू म्हणून मी वर्षभर घसा फोडतोय, तिथे तू आपला गळा कापून घ्यायला निघालीस!"

"तुला ती ओळखते, थावोर्न. म्हणून तुला सोपं जातं बोलायला."

 मग थावोर्न म्हणाला, "कर काय करायचं ते."

हाटयायला ती व्हॅनने गेली. क्लिनिकच्या बाकावर नाक उंच करून घ्यायला आलेल्या पोरी बसल्या होत्या, एकमेकींना फोनवर नाकं दाखवत. त्यांच्यातल्या एकीने सायसुनीला "या मावशी, बसा" म्हणून जागा दिली. डॉक्टर पासकोर्न चाळिशीचे, शांत बोलणारे होते. त्यांनी तिची मान बोटांनी चाचपली, मान वर करायला लावली, दात आवळायला लावले.

"इथे पुढे एक पातळ स्नायू असतो, तो सैल पडलाय," ते म्हणाले. "हनुवटीखाली एक छोटी चीर द्यायची, कानांमागे दोन लांब. स्नायू आतून शिवून आवळायचा, कातडी मागे ओढायची, जास्तीची कापून टाकायची. सुरुवातीला नळ्या असतील, पट्टा असेल. सूज येईल, काळंनिळं पडेल. कान बरेच दिवस बधिर राहतात. क्वचित ओठाच्या कोपऱ्याची नस दुखावते, मग हसणं वाकडं होतं. बहुतेक वेळा सुधारतं. रक्तदाबाच्या गोळ्या घेता ना? तो ताब्यात असायला हवा."

"आवाज बदलतो का?"

डॉक्टरांनी वर पाहिलं. "आवाज? नाही बदलत. गाता का तुम्ही?"

"नाही. आई माझा आवाज ओळखते. चेहरा ओळखत नाही. तो मिळवायला जाऊन हा गमवायला नको."

मग तिला सगळं सांगावं लागलं. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. 

"बाई, मी मान ओढून देऊ शकतो. ओळख ओढून आणता येत नाही मला. समजा त्यांनी ओळखलं, तरी किती दिवस? हा आजार पुढेच जातो."

"पुढचं पुढे. आज ती मला घाबरते. ती जाईपर्यंत मला घाबरणार आणि मी बघत राहणार, हे मला जमायचं नाही."

त्यांनी तिचे बाजूने आणि समोरून फोटो काढले आणि संगणकावर मान नीट करून एक कागद छापून दिला. "असं साधारण दिसेल. अगदी असंच नाही. घरी न्या, विचार करा, घाई नको."

व्हॅनमध्ये तिने तो कागद पुन्हा पुन्हा काढून पाहिला. त्यातली बाई पंचेचाळिशीची असावी. नवरा जिवंत असलेली, सकाळी केसांत फूल माळून शाळेत जाणारी. सायसुनीला एकदम त्या बाईचा हेवा वाटला आणि मग लाज वाटली. हे आपण आईसाठी करतोय म्हणतो, पण सगळं आईसाठीच का? तिने कागद पर्समध्ये ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा काढला.

दुसऱ्या दिवशी ती दाराआड उभी राहिली आणि नोंगयावने तो फोटो बुप्पाबाईंना दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ नेला.

"अगंबाई! ही तर आमची साय!"

दाराआड सायसुनीने तोंडावर हात दाबून धरला.

"शाळेत शिकवते. गणित. बापासारखी हुशार आहे." बुप्पाबाई फोटोवरून अंगठा फिरवत होत्या. "वाळलीय गं. खात नाही वाटतं नीट. कधी येणार म्हणाली?"

"येणार आहेत, लवकरच," नोंगयाव म्हणाली आणि नाक पुसायला तिकडे वळली.

फोटो पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला की त्या सगळा भात खायच्या. मधूनच एखादा घास फोटोपुढे धरायच्या. सायसुनीने त्याच दिवशी क्लिनिकला फोन करून तारीख पक्की केली. ऑपरेशनच्या आधी काय खायचं, कोणत्या गोळ्या बंद करायच्या, सगळं नीट विचारून घेतलं. नोंगयावला तीन आठवडे राहायला यायची गळ घातली. कितीतरी महिन्यांनी तिला शांत झोप लागली.

त्याच आठवड्यात ती दुपार आली.

चौकात दोरीवर चादरी वाळत होत्या. सायसुनी त्या काढत होती. मागून पावलांचा आवाज आला म्हणून ती वळली तर बुप्पाबाई. काठी न घेता, एकट्या खोलीतून चालत आलेल्या. ती "अगं पडशील" म्हणेपर्यंत त्या खाली बसल्या, गुडघे टेकले आणि लेकीच्या पायांवर त्यांनी कपाळ ठेवलं.

"मी पुन्हा उलटून बोलणार नाही. माहेरी जाणार नाही. दुकानात उभी राहीन, म्हणाल तितका वेळ. मला माझं बाळ द्या, सासूबाई. थोरली सांभाळा तुमच्याजवळ, पण ही अंगावर पिते. तिला दुसरं काही चालत नाही."

सायसुनीला ते कपाळ पावलांवर चटका बसावा तसं लागलं. आईने आपल्या पायांवर डोकं ठेवावं! ती खाली बसली, आईचे खांदे धरून उठवायला लागली, पण म्हातारीच्या अंगात कुठून बळ आलं होतं कोण जाणे. ती हलेना. नुसतं "द्या ना, द्या ना" चाललेलं.

आणि सायसुनीच्या मनात आलं, मी साय आहे हे हिला पटायचं नाही. मग आमाच होऊन बोलले तर? जे आमाने कधी म्हटलं नाही ते हिला एकदा तरी ऐकू दे.

"बुप्पा," ती म्हणाली. आईला नावाने हाक मारताना तिची जीभ अडखळली. "बुप्पा, ऊठ. माझं चुकलं. मी फार मोठं पाप केलं. तुझं बाळ तुला न विचारता दिलं. मला माफ कर."

बुप्पाबाईंनी डोकं वर केलं. त्या चेहऱ्यावर सायसुनीने कधी न पाहिलेलं काहीतरी उमटलं. राग नव्हता तो. आनंद होता. लहान मुलाला व्हावा तसा.

"मग आणता? कधी आणता? मी येऊ बरोबर?"

सायसुनीने याचा विचारच केला नव्हता. माफी मागितली की पुढे काहीतरी शांत होईल, एवढंच तिच्या मनात होतं.  आई तिचा हात धरून हलवायला लागली. "बोला ना. हुआय योतला ना? संध्याकाळच्या गाडीने जाऊ."

उद्या आणते, असं म्हणायला हवं होतं. रात्रीपर्यंत विसरली असती. हे सायसुनीला नंतर हजारदा सुचलं. त्या क्षणी मात्र तिला वाटलं, हिला अजून किती फसवायचं? फोनवरून फसवलं, फोटोवरून फसवलं.

"बाळ नाही आता, बुप्पा. ताप आला त्याला. गेलं ते."

बुप्पाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून पुढचा मोबाइलवाला धावत आत आला. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी कप विसळत गिळलेला तो आवाज होता. त्यांनी जमिनीवर हात आपटले, केस ओढले, उरलेल्या चादरी दोरीवरून खेचून छातीशी धरल्या. नोंगयाव आणि सायसुनी दोघींना त्या आवरेनात. सायसुनी जवळ गेली की आवाज आणखी चढायचा. शेवटी नोंगयाव ओरडली, "ताई, तुम्ही जा! तुम्ही आधी समोरून जा!"

ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. कानांवर हात ठेवले तरी ऐकू येत होतं.

संध्याकाळी बुप्पाबाईंना यातलं काही आठवत नव्हतं. पण जेवायला बसवलं तर त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही. नोंगयावच्या हातून नाही, फोटो समोर ठेवून नाही, फोनवर साय बोलली तरी नाही. "भूक नाही गं," एवढंच म्हणायच्या. का ते त्यांनाही सांगता यायचं नाही. डोक्यातून गेलेलं दुःख अंगात तसंच राहिलं होतं.

आठवड्याभरात त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. नाकातून नळी घातली. थावोर्न फुकेतहून आला. सायसुनी खाटेजवळ उभी राहिली की बुप्पाबाईंचा हात नळीकडे जायचा. दोनदा त्यांनी नळी उपसली. तिसऱ्या वेळी नर्सने सायसुनीचा दंड धरून तिला बाजूला नेलं. "रागावू नका बाई, पण तुम्ही बाहेर बसलात तर बरं."

ती बाहेरच्या बाकावर बसायला लागली. आणि ऑपरेशनची तारीख आली.

"तू जाणार आहेस?" थावोर्नचा विश्वास बसेना. "आई नळीवर आहे आणि तू मान आवळायला चाललीस?"

"इथे माझा उपयोग काय? तू आत जाऊ शकतोस, नोंगयाव जाऊ शकते. मला आत जाता येण्यासारखं करून घ्यायला चाललेय."

"तीन आठवडे सूज राहणार म्हणालीस. तोवर..." 

"तोवर राहील ती," सायसुनी म्हणाली.  तिला व्हॅनपर्यंत सोडायला मात्र थावोर्न आला.

क्लिनिकमध्ये तिने झगा घातला. डॉक्टर पासकोर्न यांनी जांभळ्या पेनाने तिच्या मानेवर रेघा काढल्या. हनुवटीखाली एक, कानांमागून केसांपर्यंत दोन, आणि गळ्यावरून उभ्या. मग नर्सने रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला. दुसऱ्या हाताला मोजला. पडून राहायला सांगितलं, दिवा मंद केला, गोळी दिली आणि आणखी एकदा मोजला.

"आज नाही करता येणार," डॉक्टर म्हणाले. "मानेत रक्त साचलं तर श्वास कोंडेल. जिवाशी खेळ आहे."

"मी सही करून देते."

"सहीने रक्त थांबत नाही, बाई."

"डॉक्टर, मला परत तशीच पाठवू नका." तिने त्यांची बाही धरली होती. ते तिला कळलं तेव्हा तिने सोडली.

त्यांनी खुर्ची ओढून तिच्याजवळ घेतली. "घरी काय झालंय?" त्यांनी विचारलं.  रेघा पुसायला नर्स स्पिरिटचा बोळा घेऊन आली तोवर सायसुनी कपडे बदलून जिना उतरून गेली होती.

त्रांगला पोचल्यावर ती घरी गेली नाही, सरळ दवाखान्यात गेली. थावोर्न जेवायला गेला होता. नोंगयाव खाटेशी पेंगत होती. सायसुनी दारात उभी राहिली. आत जायचं नाही असंच तिने ठरवलं होतं. पण आई जागी होती आणि तिच्याकडेच बघत होती. हात नळीकडे गेला नव्हता. ती एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक.

बुप्पाबाईंची नजर नेहमीच्या जागी, गळ्यावर गेली. जांभळ्या रेघा घामाने फिसकटून मानभर पसरल्या होत्या. बुप्पाबाईंनी बोट उचललं. सायसुनी वाकली. ते थंड, हलकं बोट एका रेघेवर टेकलं.

"कुणी मारलं हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

सायसुनी खाटेच्या कडेवर टेकली.

"दुखतंय का, सासूबाई?"

"नाही," ती कशीबशी म्हणाली. "नाही दुखत, बुप्पा."

"हळद लावा," बुप्पाबाई म्हणाल्या आणि थकून त्यांनी डोळे मिटले. बोट घसरून चादरीवर पडलं. सायसुनीने ते उचलून हातात धरलं. आई झोपेत होती म्हणून तिला ते धरता आलं.

त्यानंतर त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. चार-सहा दिवस श्वास चालू होता, मग तोही थांबला. सायसुनी तेव्हा बाहेर बाकावर होती. आई डोळे उघडून नळी उपसेल या भीतीने ती शेवटपर्यंत बाहेरच बसत होती.

अंत्यविधीची पत्रकं छापून बाजारातल्या भिंतींवर लावायची होती. छापखान्यात मुलांची नावं लिहून देताना सायसुनी म्हणाली, "मध्ये 'धाकटी मुलगी' असं लिहू या. नाव नव्हतं ठेवलं, पण लिहू या."

थावोर्नने पेन थांबवलं. "लोक विचारतील ताई, कोण म्हणून. काय सांगणार? आमाने काय केलं ते भिंतीवर लावायचं का?"

ती भांडली नाही. पत्रकावर दोनच नावं आली. देवळात सगळे विधी झाले, मृतासाठी कागदाची घरं जाळली, नातेवाईक जेवून गेले. जाताना एक चुलत आत्या तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "मरताना जवळ लेक होती, आणखी काय हवं बाई माणसाला?"

पुढच्या महिन्यात क्लिनिकमधून फोन आला. मुलीचा आवाज गोड होता. "मावशी, रक्तदाब आता कसा आहे? डॉक्टरांनी नवी तारीख विचारायला सांगितलंय."

सायसुनी चौकात बसून आईचे कपडे नोंगयावला देण्यासाठी वेगळे काढत होती. "नको आता," ती म्हणाली.

"काही अडचण आहे का, मावशी? तारीख पुढची देते ना. या महिन्यात नको असेल तर पुढच्या."

"पुढच्याही नको. आई गेली."

 "अरे देवा. सॉरी मावशी. पण तुमच्यासाठी म्हणून तरी... कधी वाटलं तर फोन करा हं."

"करेन," सायसुनी म्हणाली आणि फोन बाजूला ठेवला.

नोंगयावने एक ब्लाउज घडी करता करता विचारलं, "ताई, मी तुम्हाला त्या दिवशी समोरून जा म्हणून ओरडले. राग नाही ना?"

"नाही गं. तू बरोबर बोललीस."

"शेवटी तरी ओळखलं का हो त्यांनी तुम्हाला? मी झोपले होते तेव्हा तुम्ही आत आलात ना? काही बोलल्या का?"

 बाहेर मोबाइलच्या दुकानात कुणीतरी एकामागून एक रिंगटोन वाजवून बघत होतं.

"नाही ओळखलं," ती म्हणाली. "ती सायची वाट बघत होती. दे तो दुसरा ढीग इकडे."